पाठमोरी हाक

कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर दोन रकाने होते. डाव्या रकान्यावर लेकीने लिहिलं होतं, ‘मी ऐकलेले शब्द’, आणि उजव्यावर, ‘आईने ऐकलेले शब्द’. डावीकडे तीन शब्द होते, त्यातलाही एक धड शब्द नव्हता, नुसता ‘आ’ होता. उजवीकडे चौदा होते. लेकीच्या पोरीला, भिंगरीला, दोन वर्षं पुरी होऊन दोन महिने झाले होते, आणि त्या कागदावरून घरात रोज संध्याकाळी मायलेकींची जुंपत होती.

लेकीचं म्हणणं, पोर बोलत नाही. आजीचं म्हणणं, पोर दिवसभर बोलते, पण ऐकायला माणूस घरात असावं लागतं. हे वाक्य तोंडातून गेलं की आजी जीभ चावायची, कारण लेक काही हौसेने बाहेर जात नव्हती. वीज गेल्याच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायचं तिचं काम. आठ तास कानाला यंत्र लावून परक्या माणसांचा राग ऐकायचा आणि गोड बोलायचं. जावई मालाचा ट्रक घेऊन लांबच्या फेऱ्या करायचा, पंधरवड्यातून दोन दिवस घरी. तेव्हा सकाळी आठ ते संध्याकाळी सहा भिंगरी आजीची. त्या दहा तासांवरच आजीचं आयुष्य उभं होतं, हे तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण तसंच होतं.

आगीत तेल ओतायला खालच्या मजल्यावरची शिंपीण होती. तिची नात भिंगरीपेक्षा पंधरा दिवसांनी लहान, आणि जिना चढता चढता प्रत्येक पायरीला नाव ठेवणारी. शिंपीण म्हणायची, आमची झोपेतसुद्धा गप्प बसत नाही हो, मीच कानात कापसाचे बोळे घालून झोपते. आणि मग भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, तुमची गुणी आहे, शांत आहे. त्या ‘शांत’ने लेकीच्या काळजात सुई टोचल्यासारखं व्हायचं. आजी शिंपिणीला म्हणायची, तुझी बोलते कारण तिला दुसरं काही येत नाही. आमची बघ, सांगितलेलं सगळं करते.

ते खरंही होतं. चेंडू आण म्हटलं की भिंगरी चेंडू आणायची. चपला दाखव, डोळे मीट, खिडकी लाव, सगळं यायचं. ओठ हलवून ‘पाणी’ म्हणायची, ‘बाबा’ म्हणायची, ‘बूट’, ‘मोमो’ म्हणायची. मोमो म्हणजे तिचा एक कान तुटलेला कापडी ससा. आजी हे सगळं त्या कागदावर लिहायला लावायची, लेक उजव्या रकान्यात लिहायची आणि विचारायची, “मग मी घरात असताना यातला एकही शब्द कसा नाही?” आजी म्हणायची, तुझ्या वडिलांनी चौथं वर्ष लागेपर्यंत तोंड उघडलं नव्हतं, उघडलं ते मरेपर्यंत मिटलं नाही. लेकीला हसू यायचं. पण रात्रीची भांडी विसळताना ती पुन्हा त्या कागदाकडे बघायची.

आता आजीचा इतिहास थोडा सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

आजीने एकतीस वर्षं कापडगिरणीत माग चालवले. एका छपराखाली तीनशे माग, आणि प्रत्येक मागावर धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे आपटत धावणारा. तिथला आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळायचा नाही. कानाशी तोंड नेऊन बोंब मारली तरी ऐकू जात नसे, म्हणून तिथे मुरलेलं माणूस कधी ओरडत नसे. नव्या पोरी पहिल्या आठवड्यात ओरडून घसा बसवून घ्यायच्या. मग एखादी जुनी बाई त्यांना शिकवायची: आवाज काढूच नको, फुकट जातो. समोर ये, ओठ मोठे हलव, सावकाश हलव, उरलेलं हाताने सांग. पाठ असेल तर मागापुढच्या फळीवर दोनदा पाय आपट. फळी थरथरली की पायाला कळतं आणि माणूस वळतं.

या बोलीत पाच माग ओलांडून बाळंतपणं सांगितली गेली, लग्नं ठरली, मोडली, भांडणं झाली आणि मिटली. मुकादमाने नवे दात बसवले तेव्हा त्याच्या डोक्यावरून, त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंनी तीन दिवस त्या दातांची चर्चा चालली होती. तो वळला की सगळ्या जणी देवाच्या गाई. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही की सगळ्या एवढ्या खूश का आहेत.

बायका गिरणीतून सुटल्या तरी बोली सुटली नाही. आजीचा नवरा रात्रपाळीला असायचा आणि दिवसा त्याच एका खोलीत झोपायचा. तेव्हा आजी आणि तिची लहानगी लेक आवाजाविना बोलायच्या. लेकीला अक्षरं नंतर आली, ओठ आधी वाचता आले. नवरा गेला, गिरणी बंद झाली, घर बदललं, पण सवय राहिली. आजी जिला बोलवायचं तिच्यापर्यंत जायची, समोर बसायची, किंवा लाकडी फळ्यांच्या जमिनीवर जाड तळव्याची चप्पल दोनदा आपटायची. लेकही तसंच करायची. त्या घरात पाठमोरं कुणी कुणाशी बोलतच नसे.

म्हणूनच एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. आजीचे कान गिरणीनेच खाल्ले होते. एकदम नाही, वाळवी लागावी तसे, आतून. आधी पाखरं गेली, मग घड्याळाची टिकटिक, मग बंद दारापलीकडची माणसं. गिरणी बंद झाल्यावर जुन्या कामगारांच्या कानांची तपासणी करून देतो, असं एक पत्र आलं होतं. आजीने ते घडी करून दोऱ्याच्या डब्याखाली ठेवलं. तिला वाटलं होतं, म्हातारपणी एवढं तेवढं चालतं. भिंगरी झाल्यावर मात्र ती ते पत्र मुद्दाम विसरली. बहिऱ्या बाईच्या हातात तान्हं पोर कोण देईल?

भिंगरीचं कानाचं दुखणं पाचव्या महिन्यात सुरू झालं. आधी सर्दी, मग ताप, मग आख्खी रात्र रडणं, आणि सकाळी उशीवर पिवळा डाग. डॉक्टरांनी औषध दिलं, कान वाहायचा थांबला, पोर हसली. दीड महिन्याने पुन्हा तेच, या वेळी दुसरा कान. दीड वर्षाची होईपर्यंत सहा वेळा झालं. दर वेळी औषध संपलं, ताप उतरला, की घरातल्यांनी सुटकेचा श्वास सोडायचा आणि बाटली खिडकीत ठेवायची. खिडकीत सहा बाटल्या जमल्या होत्या. दुखणं थांबलं म्हणजे संपलं, असंच सगळे धरून चालले होते. पुढे कित्येक महिने कान दुखला नाही, आणि नेमकं तेव्हाच शिंपिणीची नात बोलायला लागली.

लेकीने कान तपासायची वेळ घेतली ती आजीला न विचारता. आजीने ऐकलं आणि तिला दोऱ्याच्या डब्याखालचं पत्र आठवलं. वरवर ती रागावली. ऐकत नसती तर माझ्या हाकेला वळली असती का? आणि तिने तिथल्या तिथे परीक्षा घेऊन दाखवली. भिंगरी पाठ करून जमिनीवर बसली होती. आजीने तिच्या मागे उभं राहून स्टीलच्या ताटावर डाव हाणला. भिंगरी वळली. पुन्हा हाणला, पुन्हा वळली. लेकीने हात टेकले. दोघींपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही की डाव हाणताना आजीची टाचही खाली येत होती.

ते लक्षात आलं दुसऱ्या दिवशी, आणि आलं आजीच्याच. भिंगरी पलंगावर गादीच्या मधोमध बसून मोमोला गोधडी पांघरत होती, पाठ दाराकडे. आजी अनवाणी होती, चप्पल धुऊन वाळत टाकलेली. तिने दारातून हाक मारली. भिंगरी वळली नाही. तिने मोठ्याने मारली. नाही. घशाच्या शिरा ताणून मारली, तेव्हा खालून शिंपिणीने काठीने छत ठोकलं, काय झालं म्हणून. भिंगरीने शांतपणे सशावरच्या गोधडीची कड नीट केली.

आजी तिथेच उंबऱ्यावर बसली.  मग उठून तिने पलंगाच्या लाकडाला गुडघ्याने हलकाच धक्का दिला. गादी हलली, आणि पोर वळून हसली. तोंडभर हसली. ओठ हलले, ‘बाबा’ म्हणाली की ‘बाळ’, आजीला कळलं नाही, कारण डोळे भरले होते.

हे तिने लेकीला सांगायला हवं होतं. संध्याकाळी लेक आली, बूट काढले, विचारलं, आज काही नवीन? आजी म्हणाली, नाही. तपासणीची वेळ आठ दिवसांनी होती. आठ दिवस लेक रोज विचारत होती आणि आजी रोज नाही म्हणत होती. मनाशी हिशेब करायची: मागून हाक ऐकू येत नाही, पण पुढून सगळं कळतं, आणि मागून तर मलाही येत नाही, मी जगलेच ना? लगेच दुसरं मन म्हणायचं, तू बोलायला शिकलीस तेव्हा तुझे कान शाबूत होते, बये. तिला एक भलतीच भीती धरून बसली. आपल्यामुळेच तर झालं नसेल? बहिरेपणा सर्दीसारखा लागत नाही, हे तिला कळत होतं. पण दिवसभर जिच्या मांडीवर पोर वाढतंय तिचेच कान गेलेले, याचा काही तरी दोष लागत असेलच, असं वाटायचं. जेवण जाईना. शिंपिणीने विचारलं, कसली काळजी, तर म्हणाली, दात दुखतोय.

तपासणीच्या दिवशी तिघी गेल्या. कानाची बाई, म्हणजे जी तपासणी करणार होती ती, चाळिशीची होती, केस आखूड, खिशाला तीन रंगांची पेनं. खोलीत एक छोटं टेबल, दोन लहान खुर्च्या आणि चित्रांचा गठ्ठा होता. तिने सगळी हकिकत लिहून घेतली. सहा वेळा कान वाहिल्याचं ऐकून तिचं पेन जरा थांबलं. मग विचारलं, किती शब्द बोलते? लेक म्हणाली, तीन. आजी म्हणाली, चौदा. लेकीने घरून घडी करून आणलेला कागद पुढे केला.

कानाच्या बाईने हसून आजीला म्हटलं, तुम्हीच बोलतं करा तिला. आजीला हेच हवं होतं. तिने भिंगरीला समोर बसवलं, पेल्याचं चित्र उचललं आणि भुवया उडवल्या. भिंगरीने चित्र पाहिलं, आजीकडे पाहिलं, ओठ मिटले, उघडले. आजीचा चेहरा उजळला.

“बघा. पाणी म्हणाली.”

कानाच्या बाईचं पेन हललं नाही. आजीने बुटाचं चित्र उचललं. पुन्हा ओठ मिटले, चंबू झाला. आजी म्हणाली, बूट. मग चेंडू खेळणाऱ्या माणसाचं. बाबा. आजी एकेका चित्रासरशी लेकीकडे बघत होती, आता तरी पटलं का अशा नजरेने. आणि लेक आपल्याकडे असं का बघते आहे, हे तिला कळेना. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“आई,” लेक म्हणाली, “ती काहीच म्हणत नाहीये. आवाजच नाहीये तिचा.”

कानाच्या बाईने गठ्ठ्यातला एक कोरा पुठ्ठा उचलला, आपल्या तोंडासमोर धरला आणि थांबली. पुठ्ठ्यामागे तिचे गाल हलले असावेत. आजी वाट बघत राहिली. पुठ्ठा खाली आला.

“आजी, मी आत्ता काय विचारलं तुम्हाला?”

आजीने भिंगरीचा मोजा वर ओढला. तो वरच होता. मग दुसऱ्या पायाचा ओढला.

खोली अगदी गप्प होती, की नव्हती, तेही तिला सांगता आलं नसतं. एवढं मात्र तिला तेव्हाच लख्ख कळलं, एखादा धागा ओढावा आणि आख्खा ताणा उसवत यावा तसं. ती भिंगरीशी दोन वर्षं ओठांनी बोलत आली होती. मांडीवर घेऊन, तोंडाशी तोंड आणून, जसं गिरणीत जिवाभावाच्या बाईशी बोलायचं तसं. जवळच्या माणसाशी बोलताना आवाज गळून पडायचा, हे तिला स्वतःला कधी उमजलंच नव्हतं. आपला आवाज आहे की नाही, हेही ऐकावंच लागतं. पोरीला जे थोडंफार ऐकू येत होतं तेही तिने दिलं नव्हतं. पोर हुशार. तिला दिसलं ते शिकली. ओठ मिटायचे, उघडायचे, समोरची बाई हरखते. मागखात्यातली शेवटची कामगार तयार झाली होती, गिरणी बंद होऊन बारा वर्षं झाल्यावर.

पुढची तपासणी आवाजबंद खोलीत होती. जाड दार, भिंतींना मऊ गाद्या, एका बाजूला काच. पोरीला मांडीवर घेऊन आजीच आत बसणार असं ठरलं होतं, पण कानाची बाई लेकीला म्हणाली, तुम्ही बसा. आजी काचेबाहेर उभी राहिली, यंत्रासमोर बसलेल्या कानाच्या बाईच्या खांद्यामागे. आत डाव्या-उजव्या कोपऱ्यांत दोन खोकी होती. आवाज ज्या बाजूने येईल तिकडे पोर वळलं की खोक्यात दिवा लागायचा आणि झांजा वाजवणारं माकड दिसायचं.

कानाच्या बाईने बटण दाबलं. आत लेकीची पापणी हलली. भिंगरी मोमोचा तुटका कान चघळत राहिली. बटण थोडं पुढे सरकलं. पुन्हा लेकीची पापणी हलली. भिंगरी तशीच. किती वेळ ते चाललं होतं कोण जाणे. आजीचा जीव त्या दोन इंच बटणात अडकला होता. एकदाचं बटण बरंच पुढे गेलं आणि भिंगरीने मान वळवली. माकड दिसलं. ती टाळ्या वाजवायला लागली. आजीने आपले दोन्ही हात काचेवर टेकले आहेत हे तिला थंडगार लागलं तेव्हा कळलं.

लेक काचेतून तिच्याचकडे बघत होती. आणि मग लेकीचे ओठ हलले, आवाजाविना, सावकाश, मोठे, जसे सातव्या वर्षी हलायचे, वडील झोपलेले असताना.

“तुला माहीत होतं?”

कानाची बाई पुढे वाकून आकडे टिपत होती. तिला या बोलण्याचा पत्ता नव्हता.

आजीने ओठ हलवले. “आठ दिवस.”

लेकीने डोळे मिटून घेतले. ती बोली वाचायला शिकलेल्या माणसाने डोळे मिटणं म्हणजे तोंडावर दार लावणं. आजीच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत भांडणं खूप झाली होती, पण डोळे मिटून घ्यायची वेळ फार थोड्यांवर आली होती.

थोड्या वेळाने लेकीने डोळे उघडले. “आणि तुझं?”

“बारा वर्षं. जास्तच.”

मग एका रबरी टोकाच्या यंत्राने भिंगरीच्या कानात हलका वारा सोडला आणि कागदावर रेघ उमटली. कानाच्या डॉक्टरांनी ती समजावून सांगितली. निरोगी कानाची रेघ डोंगरासारखी चढते-उतरते. हिची दोन्ही कानांची रेघ सपाट. पडद्यामागे पाणी साचलं आहे, पातळ नाही, डिंकासारखं. पुन्हा पुन्हा दुखणं झाल्यावर ते मागे राहतं, दुखत नाही म्हणून कळत नाही. पोर पार बहिरी नाही, पण उशीखालून ऐकावं तसं ऐकते; आणि बोलणं शिकायच्या वयात उशीखालून ऐकणं फार झालं. लेकीने विचारलं, कायमचं आहे का? डॉक्टर म्हणाले, बहुतेक नाही. त्या ‘बहुतेक’वर तिघींना तीन महिने काढायचे होते. पाणी आपोआप गेलं तर उत्तम, नाहीतर पडद्यात बारीक नळ्या बसवू.

आजी खाली मान घालून बसली होती. डॉक्टरांचे ओठ मिशांत लपलेले, अर्धंच तिला कळलं होतं. उरलेलं कानाच्या बाईने समोर बसून, सावकाश सांगितलं. शेवटी आजीने विचारलं, हे माझ्यामुळे झालं का? ती म्हणाली, “पाणी तुमच्यामुळे नाही झालं. उशीर थोडा झाला तुमच्यामुळे.” मग जरा थांबून म्हणाली, एक मात्र आहे. एवढं कमी ऐकून इतकं समजणारी मुलं मी फार पाहिली नाहीत. समोर बसून, तोंड दाखवून बोलणं आम्ही आयांना महिनोन्महिने शिकवतो. तुम्ही फक्त आवाज घाला त्यात.

घरी जाताना लेक भिंगरीला कडेवर घेऊन पुढे चालत राहिली. जिन्यात शिंपीण भेटली, काय म्हणाले डॉक्टर, तर लेक म्हणाली, भिंगरीबरोबर आईचेही कान तपासायला सांगितलेत. शिंपिणीने आजीकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला बोलायला काही सुचलं नाही.

दुसऱ्या सकाळी लेकीने सांगितलं की भिंगरीला ती पाळणाघरात घालणार आहे. तिथे दहा मुलं बोलतात, तिला बोलणं कानावर पडायला हवं. आजीने मान हलवली.  तिने आत जाऊन दोऱ्याचा डबा उचलला आणि खालचं पत्र आणून लेकीपुढे ठेवलं. घड्यांवर ते फाटत आलं होतं. लेकीने ते दोनदा वाचलं. वरची तारीख बघितली.

“मला सांगितलं का नाहीस?”

“तू पोर काढून घेतली असतीस.”

“घेतली असती,” लेक म्हणाली. बराच वेळ ती पत्राच्या घड्या सरळ करत राहिली. मग म्हणाली, दुपारी एकपर्यंत पाळणाघर. एकनंतर तुझ्याकडे. पण कानात यंत्र बसवून घ्यायचं. आणि आवाज काढून बोलायचं, आई, घसा बसला तरी.

तीन महिने सगळ्यांचा जीव टांगणीला होता. आजी आवाज काढून बोलायला शिकली, आणि ते सोपं नव्हतं. मांडीवर पोर आली की आवाज आपोआप मिटायचा. मग ती आपल्याच गळ्यावर हात ठेवायची, थरथरतो का बघायला. भिंगरीलाही ती गंमत कळली. ती आजीच्या गळ्यावर हात ठेवायची आणि मग आपल्या. दुसऱ्या तपासणीत रेघ सपाटच निघाली. नळ्या बसवायच्या ठरल्या. अर्ध्या तासाचं काम, डॉक्टर म्हणाले होते. बाहेरच्या बाकावर आजी, लेक आणि ट्रक अर्ध्या वाटेत दुसऱ्याच्या हवाली करून आलेला जावई, तिघं एका रांगेत बसले. कुणी कुणाकडे बघितलं नाही, कारण त्या घरात बघणं म्हणजे बोलणं, आणि बोलायची कुणाला छाती नव्हती.

भिंगरी शुद्धीवर आली ती रडतच. लेकीला वाटलं, दुखतंय. नर्स म्हणाली, आवाज मोठे वाटतायत तिला सगळे, तिचा स्वतःचासुद्धा.

आजीचं यंत्र त्यानंतर आठवड्याने आलं. कानामागे शेंगदाण्याएवढं. ते घातलं आणि घर तिच्या अंगावर आलं. नळ ठिबकत होता, कधीपासून कोण जाणे. फळ्या करकरत होत्या. खाली शिंपिणीचं मशीन चालत होतं, आणि तिची नात खरंच थांबत नव्हती. आजीने मनोमन शिंपिणीच्या कापसाच्या बोळ्यांची माफी मागितली.

त्या दुपारी भिंगरी पाळणाघरातून आली, जेवली आणि पलंगाशेजारी जमिनीवर ठोकळे मांडून बसली, पाठ दाराकडे. दूध प्यायची वेळ झाली होती. आजी दारात आली आणि सवयीने तिने चप्पल आपटली. पहिलाच दणका तिच्या कानात बंदुकीसारखा वाजला. भिंगरी दचकली, दोन्ही हात कानांवर गेले, ओठ वाकडा झाला. इतकी वर्षं आपण हा आवाज करत होतो? आजीला शरमल्यासारखं झालं. तिने चपला काढल्या, भिंतीशी ठेवल्या, आणि पोर पुन्हा ठोकळ्यांत रमेपर्यंत हलली नाही.

मग ती अनवाणी त्याच जागेवर उभी राहिली, जिथली ती न ऐकलेली हाक तिने आठ दिवस लपवली होती. छाती धडधडत होती. तीही ऐकू येत होती. काय होईल? नळ्या बसून आठवडाच झाला होता. कानाच्या बाईने बजावलं होतं, घाई करू नका, ऐकायलाही शिकावं लागतं. नाही वळली तर आज लेकीला खरं सांगायचं, एवढं तिने ठरवलं, आणि दाराची चौकट धरली.

“भिंगरी,” तिने हाक मारली. मोठ्याने नाही. साधी, जशी कुठलीही बाई घरात मारते. आपला आवाज तिला परका वाटला, एखाद्या म्हातारीचा.

भिंगरीचा हात ठोकळ्यावर थांबला.  पोर वळली नाही. ठोकळा दुसऱ्यावर नीट बसतो का बघत, मान न उचलता, कामात असलेलं माणूस देतं तशी तिने ओ दिली.

“आं?”

त्या घरात पाठमोरं कुणी पहिल्यांदाच बोललं होतं. आजी दाराला टेकली. दूध बराच वेळ तसंच राहिलं.